ब्राउझर तुमची फाइल कशी वाचतो? वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांच्या शंका

यावेळी पत्रांमध्ये नव्याने वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून पूर्ण सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. सगळी पत्रं एका बैठकीत वाचली तेव्हा एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. टॅग (पानाचे भाग सांगणाऱ्या खुणा) आणि प्रॉपर्टी (ते भाग दिसतील कसे ते सांगणारे शब्द) पाठ आहेत सगळ्यांना, पण आपण लिहिलेली फाइल ब्राउझर नेमकी कशी वाचतो हे कोणी बसून सांगितलेलंच नाहीये, त्यामुळे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी अडकलेत बरेच जण त्याच एका जागी.

प्रश्न : ताई, सहा महिने झाले मी व्हिडिओ बघतोय. आधी एचटीएमएलचे बघितले, मग एक मित्र म्हणाला रिॲक्ट शिक जॉब त्यातच आहेत, मग पायथन सुरू केलं, आता परत जावास्क्रिप्ट. व्हिडिओ चालू असतो तोपर्यंत सगळं समजतं पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. मला हे जमणार नाही का? आणि नेमकं कुठून सुरू करू?

उत्तर : जमणार आहे, ते "जमणार नाही का" आधी डोक्यातून काढ. व्हिडिओ बघताना सगळं समजतं कारण तिथे प्रत्येक निर्णय समोरच्याने घेतलेला असतो, कुठला टॅग वापरायचा, क्लासला नाव काय द्यायचं, कंस कुठे बंद करायचा, आणि कोरी फाइल उघडली की ते सगळे निर्णय एकदम तुझ्यावर येतात. निर्णय घ्यायची सवय फक्त निर्णय घेऊनच लागते, अजून शंभर व्हिडिओ बघितलेस तरी ती लागणार नाही.

क्रम सांगते. आधी एचटीएमएल (पानावर काय आहे), मग सीएसएस (ते दिसेल कसं), मग जावास्क्रिप्ट (ते वागेल कसं), आणि हे तिन्ही हातात बसेपर्यंत रिॲक्ट बिॲक्ट काही नाही. यामागे कारण आहे. रिॲक्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला तयार साधनांचा संच, सगळ्यांसाठी खुलं झालं २०१३ मध्ये, त्याच्या आधी २००६ पासून तशाच जेक्वेरीचा जमाना होता आणि तेव्हा सगळे म्हणायचे जेक्वेरी येत नसेल तर काय उपयोग. उद्या अजून काहीतरी येईल. पण यातलं काहीही वापरलं तरी शेवटी ब्राउझरच्या हातात पडतं ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९८९ ला वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिली वेबसाइट लोकांसमोर आली, ते पान आजही बघता येतं आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते व्यवस्थित उघडतं. तीस वर्षांपेक्षा जुनं पान! मला ही गोष्ट फार आवडते, कारण याचा अर्थ असा की तू आज शिकलेला हेडिंगचा टॅग पाच वर्षांनी जुना झाला म्हणून फेकून द्यावा लागणार नाहीये.

आता काम काय करायचं ते. एकच पान बनव, विषय कुठलाही घे, तुझ्या आवडीच्या खेळाडूची माहिती, पक्ष्यांची यादी, काहीही. एक मथळा, दोन परिच्छेद, एक फोटो, एक यादी, एक लिंक, बस एवढंच. व्हिडिओ बंद. अडलास की उघडून बघ, परत बंद कर आणि जे बघितलं ते न बघता टाइप कर, कॉपी पेस्ट अजिबात नको. आणि टाइप करताना मनात म्हण की ब्राउझर ही फाइल वरून खाली वाचत येणार आहे. पहिली ओळ डॉक्टाइप, ती वाचून त्याला कळतं की हे आजच्या नियमांनी लिहिलेलं पान आहे, ती ओळ विसरलास तर तो नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी ठेवलेल्या जुन्या पद्धतीत जातो आणि मग काही साइज विचित्र येतात. मग हेड, म्हणजे पानाबद्दलची माहिती, अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत, टॅबवर नाव काय दाखवायचं, सीएसएसची फाइल कुठे आहे. मग बॉडी, जी लोकांना दिसते. प्रत्येक ओळ "हे वाचून ब्राउझर काय करेल" असं विचारत लिहिलीस ना तर कोरी फाइल इतकी कोरी वाटत नाही.

रोज तास दीड तास बसलास तर पहिले तीन-चार आठवडे एचटीएमएल आणि सीएसएसमध्येच जाऊ दे, घाई नको. ते पान पूर्ण झालं की फुकट होस्टिंगवर (साइट इंटरनेटवर ठेवू देणाऱ्या सेवेवर) चढव आणि कोणाला तरी लिंक पाठव. अर्धवट सोडलेल्या दहा प्रोजेक्टपेक्षा पूर्ण झालेलं हे एक छोटं पान तुला जास्त शिकवेल.

प्रश्न : माझं गणित कच्चं आहे आणि इंग्लिश पण जेमतेम. तरी वेब डेव्हलपमेंट शिकता येईल का?

उत्तर : हो. सुरुवातीला लागणारं गणित म्हणजे बेरीज वजाबाकी आणि टक्केवारी, तेवढं पुरे. इंग्लिशचं म्हणशील तर टॅग आणि प्रॉपर्टीचे रोजचे शब्द शे-दीडशेच्या आसपास असतील, ते वापरून वापरून बसतात. खरी गरज लागते एरर वाचायची, आणि एररचं इंग्लिश ठरलेलं असतं, तीच तीच पाच-सहा वाक्यं फिरून फिरून येतात. एक वही कर, आलेली प्रत्येक एरर जशीच्या तशी लिही आणि शेजारी मराठीत तिचा अर्थ आणि ती कशाने गेली ते लिही. महिन्याभरात तुझी तूच बघ.

प्रश्न : तीन बॉक्स एका ओळीत लावायचे आहेत. प्रत्येकाला ३३.३३ टक्के विड्थ दिली, बेरीज बरोबर १०० च्या आत बसते, तरी तिसरा बॉक्स खालच्या ओळीत पडतो. पॅडिंग काढलं की बरोबर होतं!! कॅलक्युलेटरवर तीन वेळा बघितलं.

उत्तर : बेरीज तुझी बरोबर आहे, फक्त ब्राउझर "विड्थ" म्हणजे काय समजतो ते वेगळं आहे. तू बाहेरून बॉक्स मोजतेयस आणि तो आतला मजकूर मोजतोय. तू विड्थ ३०० पिक्सेल दिलीस की तो मजकुराला ३०० देतो, मग दोन्ही बाजूंना २०-२० पॅडिंग (मजकूर आणि कडा यांच्यातली मोकळी जागा) लावतो, मग १-१ ची बॉर्डर, झाले ३४२. असे तीन म्हणजे १०२६, आणि तुझी ओळ ९०० ची. तिसऱ्याला जागाच नाही म्हणून तो बिचारा खाली जातो.

उपाय एका ओळीचा आहे, सीएसएसच्या सगळ्यात वर, सगळ्या एलिमेंटना, म्हणजे पानावरच्या प्रत्येक घटकाला, बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स देऊन टाक. मग ब्राउझर पॅडिंग आणि बॉर्डर त्या ३०० च्या आतच बसवतो. गंमत म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये विड्थ अशीच धरली जायची, नियमात मात्र दुसरी पद्धत होती, त्यामुळे एकच पान दोन ब्राउझरमध्ये दोन तऱ्हेचं दिसायचं. आणि आज जवळपास प्रत्येक जण पहिली ओळ म्हणून बॉर्डर-बॉक्सच लिहितो.

पण हे करून पण मध्ये गॅप दिलास की तिसरा परत खाली पडेल, कारण ३३.३३ गुणिले तीन झाले जवळपास शंभर आणि वर दोन गॅप. तेव्हा टक्केवारीचा नादच सोड आणि ग्रिड वापर, कॉलमला रिपीट करून तीन वेळा एक एफआर दे. एफआर म्हणजे गॅप वगैरे सगळं वजा करून उरलेल्या जागेचा वाटा. २०१७ मध्ये ग्रिड मोठ्या ब्राउझरमध्ये एकापाठोपाठ आलं, त्याच्या आधी या तीन बॉक्ससाठी लोकांनी काय काय खटपटी केल्यात, फ्लोट लावा, ते क्लिअर करा, त्याच्याही आधी तर अख्खं पान टेबलमध्ये बसवायचे. तुम्हाला ते शिकायची गरज नाही.

आणि एक सवय लाव. बॉक्सवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट कर, किंवा एफ १२ दाब. तिथे चौकटीत चौकट असं चित्र दिसतं, मधे मजकूर, मग पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन, प्रत्येकाचे आकडे. कॅलक्युलेटरच्या आधी ते चित्र बघायचं, ब्राउझरने काय धरलंय ते तो स्वतःच तिथे सांगत असतो.

प्रश्न : मॅडम माझ्या लॅपटॉपवर वेबसाइट एकदम मस्त चालते, सगळे फोटो दिसतात. ऑनलाइन टाकली तर एक पण फोटो येत नाही, नुसतं तुटलेल्या चित्राचं आयकॉन. काल सबमिशन होतं आणि सगळ्यांसमोर असं झालं. फोटो तर अपलोड केलेत, मी स्वतः फोल्डर बघितला.

उत्तर : सगळ्यांसमोर असं झालं की काय वाटतं ते मला माहितेय, शिकत असताना माझ्याही बाबतीत हेच झालं होतं, आणि रात्रभर मी फोटोच परत परत अपलोड करत बसले होते. चूक फोटोत नव्हतीच, पत्त्यात होती.

तीन शक्यता आहेत, एकेक तपास. पहिली, सोर्समध्ये, म्हणजे फोटोच्या टॅगमध्ये फाइल कुठे आहे ते सांगतोस तिथे, पत्ता कसा लिहिलायस ते बघ. तो सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर तो तुझ्या लॅपटॉपचा पत्ता आहे, बघणाऱ्याचा ब्राउझर तो फोटो शोधणार कुठे? पत्ता नेहमी तुझ्या एचटीएमएल फाइलपासून मोजायचा, म्हणजे शेजारच्या फोल्डरचं नाव, स्लॅश, फोटोचं नाव.

दुसरी, आणि माझा अंदाज हीच असणार, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं. फोनमधून घेतलेल्या फोटोच्या नावाला शेवटी जेपीजी बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं आणि आपण कोडमध्ये स्मॉल लिहितो. विंडोजला त्यात फरक वाटत नाही, तो उघडून देतो, मॅक पण सहसा देतो. सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ते कॉम्प्युटर, मात्र बहुतेक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि लिनक्ससाठी ती दोन पूर्ण वेगळी नावं आहेत. म्हणून एकच नियम कर, फाइलची सगळी नावं स्मॉल अक्षरात, मधे स्पेस नाही, लागलीच तर आडवी छोटी रेघ. मुख्य पानाचं नाव इंडेक्स, कारण फोल्डर उघडलं की सर्व्हर आधी तेच शोधतो.

तिसरी, पत्त्याच्या सुरुवातीला स्लॅश. सुरुवातीचा स्लॅश म्हणजे "साइटच्या अगदी मुळापासून", आणि गिटहब पेजेस या फुकट होस्टिंगवर तुझा प्रोजेक्ट मुळाशी नसतो, प्रोजेक्टच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, मग ब्राउझर भलत्याच ठिकाणी जाऊन हात हलवत परत येतो.

नेमकी कुठली ते ओळखायला पण एफ १२ च, त्यात नेटवर्कचा टॅब उघड आणि पान रिफ्रेश कर. ब्राउझरने मागितलेली प्रत्येक फाइल तिथे ओळीने दिसते आणि पुढे एक आकडा. २०० म्हणजे मिळाली. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. ५०० च्या घरातला आकडा म्हणजे सर्व्हरकडेच गडबड. ४०४ वाल्या ओळीवर क्लिक केलंस की ब्राउझरने कुठला पूर्ण पत्ता विचारला तो दिसतो, तो वाच, अक्षर न अक्षर, आणि तुझ्या फोल्डरशी ताडून बघ. दोन मिनिटांत सापडेल. दुरुस्त करून परत टाकल्यावरही जुनंच दिसलं तर घाबरू नको, ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते, कंट्रोल शिफ्ट आर दाबून ताजी मागव.

प्रश्न : बटणावर क्लिक केलं की रंग बदलायला पाहिजे एवढंच करायचंय. कोड सरांनी दिलाय तोच, शब्द न शब्द तपासला, माझ्या मैत्रिणीकडे चालतो माझ्याकडे नाही. कन्सोलमध्ये लाल अक्षरात येतं "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल".

उत्तर : कन्सोल (एफ १२ मधला एरर दाखवणारा टॅब) उघडून बघितलंस आणि एरर लिहून पाठवलीस याबद्दल आधी शाबासकी, बरेच जण नुसतं "चालत नाही" एवढंच लिहितात.

एरर काय म्हणतेय ते मराठीत वाच, "तू मला ज्याच्यावर काम करायला सांगितलंस ते माझ्या हातात नाहीये, हातात शून्य आहे, त्याचे गुण मी कुठून वाचू". म्हणजे ब्राउझरने तुझं बटण शोधलं आणि त्याला ते सापडलं नाही. आता तो वरून खाली वाचतो हे आठव. तुझा स्क्रिप्ट टॅग वर हेडमध्ये आहे का? मला वाटतं असणार, आणि मैत्रिणीने तो बॉडीच्या शेवटी लिहिला असेल. हेडमध्ये स्क्रिप्ट भेटली की ब्राउझर वाचन थांबवून ती आधी चालवतो, आणि त्या क्षणी तुझं बटण अजून वाचलेलंच नाहीये, ते वीस ओळी खाली आहे! त्याच्यासाठी ते जगातच नाही. तुला पान पूर्ण दिसतं, बटण डोळ्यांसमोर आहे, म्हणून ही चूक दिसत नाही.

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये डिफर हा एक शब्द घाल. त्याचा अर्थ, फाइल आणून ठेव पण पूर्ण पान वाचून झाल्यावरच चालव. डिफर फक्त बाहेरच्या फाइलला लागू पडतो, पानातच लिहिलेल्या स्क्रिप्टला नाही, तेव्हा जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेव, तसंही तेच चांगलं.

तरी नल आलं तर नाव तपास. गेट एलिमेंट बाय आयडी लिहिलंस तर आत नुसतं नाव द्यायचं, क्वेरी सिलेक्टर लिहिलंस तर आयडीच्या आधी हॅश आणि क्लासच्या आधी टिंब. या दोघांची सरमिसळ नव्याने शिकणारा प्रत्येक जण करतो. आणि एररच्या उजव्या टोकाला फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो त्यावर क्लिक कर, ब्राउझर तुला थेट त्या ओळीवर नेऊन सोडतो, सगळा कोड शब्द न शब्द तपासत बसायला नको.

प्रश्न : बेरजेचा कॅलक्युलेटर बनवला. ५ आणि ३ टाकले की उत्तर ५३ येतं. वजाबाकी मात्र बरोबर २ येते. असं कसं?

उत्तर : इनपुटच्या खान्यातून जे येतं ते ब्राउझरसाठी कायम मजकूर असतं, आकडा टाइप केला तरी. मजकुराला मजकूर अधिक केला की तो शेजारी चिकटवतो. वजा मजकुरात होऊच शकत नाही म्हणून तिथे तो गुपचूप दोघांचे आकडे करून घेतो. आधी दोन्ही किमती नंबर फंक्शनमधून काढ मग बेरीज कर, आणि तुलना करताना तीन बरोबरवाली खूण === वापर म्हणजे असली गुपचूप बदलाबदली होणार नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि तेव्हाच्या अशा काही गोष्टी आता बदलता येत नाहीत कारण त्या बदलल्या तर लाखो जुनी पानं मोडतील. जुनं पान आजही उघडतं असं वर कौतुकाने म्हटलं ना, त्याची ही दुसरी बाजू.

(०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघ कधीतरी, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी ४ येईल. तो मात्र जावास्क्रिप्टचा दोष नाही, कॉम्प्युटर अपूर्णांक बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो म्हणून तसं होतं आणि इतर भाषांमध्येही होतं.)

प्रश्न : मला मराठीत वेबसाइट करायची आहे, आजीच्या कवितांची. पण मराठी टाकलं की कधी कधी टिंबं-टोप्या लावलेली भलतीच रोमन अक्षरं येतात, आणि आली बरोबर तरी हेडिंगची शिरोरेषा तुटलेली दिसते, वेलांट्या वरून कापल्या जातात. मराठीसाठी काही वेगळं शिकावं लागतं का?

उत्तर : हे पत्र वाचून फार बरं वाटलं. वेगळं असं थोडंच शिकावं लागतं, पण ते इंग्लिशमधून शिकवणाऱ्या कोर्समध्ये येतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भलती अक्षरं येतात कारण फाइल लिहिली एका पद्धतीने आणि ब्राउझर वाचतो दुसऱ्या पद्धतीने. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपल्या देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटमध्ये साठवली जाते, आणि ब्राउझरने जुनी रोमन पद्धत धरली तर त्याच तीन बाइटची तो तीन वेगळी अक्षरं दाखवतो. म्हणून दोन गोष्टी, एडिटरमध्ये फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह आहे ना ते बघ, आणि हेड सुरू झाल्या झाल्या कॅरसेटचा मेटा टॅग, जो ब्राउझरला ही पद्धत सांगतो. झाल्या झाल्या म्हणजे खरंच पहिल्यांदा, कारण ब्राउझर तो टॅग पहिल्या १०२४ बाइटमध्येच शोधतो.

मग एचटीएमएलच्या टॅगवर लँग म्हणून मराठीचा कोड, एम आणि आर ही दोन अक्षरं. हा कोणी लिहीत नाही आणि लिहायलाच हवा. एक तर दृष्टिहीन माणसं पान ऐकतात तेव्हा त्यांचं सॉफ्टवेअर त्यावरून ठरवतं की कुठल्या भाषेत वाचायचं, नाहीतर आजीची कविता इंग्लिश उच्चारात वाचून दाखवेल. आणि दुसरं, आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि लँग बघूनच मराठी वळण निवडलं जातं.

शिरोरेषा तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे. कुठल्यातरी तयार डिझाइनमध्ये हेडिंगला ते दिलेलं असणार, इंग्लिशमध्ये सुटसुटीत दिसतं म्हणून. देवनागरीत अक्षरं रेषेने जोडलेली, त्यांच्यात अंतर घातलं की रेषा तुटणारच, तेव्हा ते नॉर्मल करून टाक. वेलांट्या, रफार, अनुस्वार कापले जातात ते लाइन-हाइट कमी पडल्यामुळे, इंग्लिश मजकुराला १.२ चालतं, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्हीला जागा लागते, मी १.७ च्या खाली सहसा जात नाही. कवितेला तर अजून जास्त दे. कवितेच्या ओळी तोडायला प्रत्येक ओळीनंतर ब्रेकचा टॅग आणि प्रत्येक कडवं वेगळ्या परिच्छेदात ठेव, इथे ब्रेक वापरणं अगदी योग्य आहे, एरवी जागा सोडायला म्हणून लोक तीन तीन ब्रेक टाकतात ते नको.

पुढे जावास्क्रिप्टकडे वळशील तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते. "मराठी" या शब्दाची लेंग्थ विचारलीस तर ५ येईल. आपल्याला अक्षरं दिसतात तीन, पण म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा खुणा पाच आहेत आणि तो खुणा मोजतो. शब्द उलटा केलास तर काना भलत्याच अक्षराला लागेल. आपण मोजतो तशी अक्षरं हवी असतील तर जावास्क्रिप्टमध्येच इंटल डॉट सेगमेंटर नावाचं साधन आहे, ते "मराठी"चे तीनच तुकडे करतो. तसंच देवनागरी आकडे, कोणी खान्यात "१२" असं मराठीत टाइप केलं तर नंबर फंक्शन त्याला आकडा मानत नाही, आधी तू ते बदलून घ्यायला हवेत. आणि कवितांमध्ये शोधायची सोय केलीस तर "दुसऱ्या"मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतीने टाइप होतो, दिसायला सारखाच पण आत खुणा वेगळ्या, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. आजीच्या सगळ्या कविता एकाच कीबोर्डने टाइप कर, निम्मा त्रास तिथेच वाचेल.

आणि मोबाइलवर बघणारे जास्त असणार म्हणून व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नकोस, तो नसेल तर फोन समजतो की पान मोठ्या स्क्रीनसाठी आहे, साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून ते लहान करून दाखवतो, आणि कविता वाचायला चिमटीने मोठी करावी लागते.

प्रश्न : सगळा कोड आता एआय लिहून देतं. मग हे टॅग बिग शिकण्यात वेळ का घालवायचा?

उत्तर : मी स्वतः एआय वापरते, वापरू नको असं सांगणार नाही. पण एका विद्यार्थ्याने दाखवलेला प्रोजेक्ट सांगते. हवामान दाखवणारं पान, दिसायला छान, चालतही होतं, कोड पूर्ण एआयचा. हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेची त्याची गुप्त की (पासवर्डसारखी चावी) सरळ जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहिलेली होती. ब्राउझरकडे जे जातं ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं, फक्त एफ १२ दाबायचा अवकाश. त्याला यात काही चुकलंय हेच कळलं नाही कारण फाइल कुठून कुठे जाते हे त्याला माहीत नव्हतं, आणि एआयला त्याने ते विचारलं नव्हतं. दुसरं तसंच, लोकांनी टाइप केलेला मजकूर इनर एचटीएमएलने पानात घालणं. त्यात कोणी मजकुराऐवजी कोड टाकला तर बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो चालू शकतो, तिथे टेक्स्ट कंटेंट हवं, ते सगळं नुसता मजकूर म्हणूनच दाखवतं. असा कोड मागितलास तर बरोबर मिळेल, पण मागायला ते माहीत पाहिजे ना.

मी मुलांना असं सांगते की आधी वीस मिनिटं स्वतः झटापट कर, मग विचार, आणि विचारताना "लिहून दे" ऐवजी "ही ओळ काय करते, काढली तर काय होईल" असं विचार, आणि मग ती ओळ खरंच काढून बघ. त्याने सांगितलेली प्रॉपर्टी खरंच आहे का ते एमडीएन या वेबची माहिती देणाऱ्या साइटवर बघ, ते फुकट आहे आणि मी रोज उघडते. जी ओळ समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवायची नाही, एवढा एक नियम पाळलास तर एआयकडून भरपूर शिकशील.

प्रश्न : माझं वय ५४. निवृत्तीच्या आधी काहीतरी नवीन शिकावं म्हणून हे सुरू केलं आहे. नोकरी करायची नाही, आमच्या गिर्यारोहण मंडळासाठी साइट करायची आहे. एक फॉर्म केला, नाव लिहून बटण दाबलं की संदेश क्षणभर दिसतो आणि पान पुन्हा कोरं होतं. मुलगा म्हणतो बाबा राहू द्या. राहू देऊ का?

उत्तर : काका, अजिबात राहू देऊ नका! तुम्ही अगदी शेवटच्या पायरीवर आहात. फॉर्मच्या आत असलेलं बटण, त्याला काही सांगितलं नाही तर, ब्राउझर सबमिटचंच धरतो. म्हणजे तुमचा संदेश दाखवून झाला की लगेच तो फॉर्म पाठवतो आणि पान नव्याने उघडतो, म्हणून सगळं कोरं. फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर, म्हणजे फॉर्म पाठवला जातो त्या घटनेवर, तुमचं फंक्शन जोडा आणि त्याच्या पहिल्याच ओळीत इव्हेंटचं प्रिव्हेंट डिफॉल्ट बोलवा, म्हणजे ब्राउझर त्याचं नेहमीचं काम थांबवतो आणि संदेश जागेवर राहतो. क्लिकवर जोडण्यापेक्षा सबमिटवर जोडा, म्हणजे फॉर्म बटण दाबून पाठवला काय किंवा एंटर दाबून पाठवला काय, तुमचं फंक्शन चालतंच.

अजून एक बघून घ्या. पान कोरं झाल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्ह आणि पुढे तुम्ही टाइप केलेलं नाव दिसतंय का? फॉर्मला मेथड, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, दिली नाही तर ब्राउझर गेट धरतो आणि भरलेलं सगळं पत्त्यात जोडतो. शोधायच्या खान्याला ते ठीक आहे, पण मंडळाच्या लोकांचे फोन नंबर, घरचे पत्ते त्यात असणार, आणि ते ब्राउझरच्या हिस्टरीत राहून जातात, तिथे पोस्टच हवं. पोस्टने आलेली माहिती साठवायला सर्व्हरकडे काहीतरी चालू असावं लागतं, त्यालाच बॅकएंड म्हणतात. तुमच्या साइटचं ते पुढचं पाऊल, पण आधी प्रिव्हेंट डिफॉल्टची ओळ घालून बघा आणि संदेश टिकला की मुलाला बोलावून दाखवा.